शिडीवरच्या माणसाचा विमा

शटर बसवणाऱ्या ठेकेदाराने विमा कशाचा उतरवावा, हा प्रश्न कवीला विचारण्यासारखा नाही, हे मला मान्य आहे. पण कवितेवर घर चालत नाही, हे तुम्हालाही मान्य असेल. मी बी.ए. आहे आणि बजाजनगरात राहतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाच्या दारात छोटे ठेकेदार कागद घेऊन येऊ लागतात. कोणाला कारखान्याच्या गेटवर द्यायचे पत्र हवे असते, कोणाला दरपत्रक इंग्रजीत करून हवे असते, तर कोणाला विम्याच्या कागदावरच्या बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते समजून घ्यायचे असते. वीस-बावीस वर्षे मी हे करतो आहे. त्यात माझ्या ओट्यावर सर्वांत जास्त वेळा येऊन बसलेले लोक म्हणजे शटरवाले. म्हणून आज त्यांच्या विम्याविषयी बोलतो.

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आले, त्यांच्या मागोमाग गावोगावचे कामगार आले, आणि त्यांची जी वस्ती उभी राहिली ती बजाजनगर. इथल्या घरांची एक ठरलेली तऱ्हा आहे. खाली एक-दोन गाळे, वर राहते घर. गाळ्यात किराणा, मोबाइलचे दुकान, पिठाची गिरणी, नाहीतर लेथ मशीन. रस्त्याकडची सगळी बाजू शटरची. पलीकडे एमआयडीसीत गेलात तर शेडना ट्रक आत जाईल एवढाली शटरे. परदेशात मोटारीच्या गॅरेजचे दरवाजे बसवणारे कंत्राटदार असतात. आपल्याकडे तोच धंदा शटरवाल्याचा. चार-पाच माणसे, एक छोटा टेम्पो, वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल, दोन शिड्या आणि एक मोबाइल, एवढ्यावर तो उभा असतो. कार्यालय नसतेच. हिशेब खिशातल्या डायरीत.

विमा समजून घ्यायचा तर आधी शटर समजून घ्यायला हवे. आपण रोज ते वर ढकलतो आणि खाली ओढतो, त्यामुळे त्याचे वजन आपल्याला कळत नाही. अठरा गेजच्या पत्र्याचे दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच शटर सहज शंभर किलोंच्या वर जाते. ते एक माणूस एका हाताने उचलतो, कारण वरच्या पाइपात स्प्रिंग असते. शटर खाली ओढले की स्प्रिंग पिळली जाते, आणि वर ढकलताना तीच पिळलेली ताकद आपल्याला मदत करते. म्हणजे बंद दुकानाच्या डोक्यावर रात्रभर एक ताणलेले जनावर बांधून ठेवलेले असते. ते बांधण्याचे आणि सोडण्याचे काम फिटरचे. शटरे कशी बनवावीत यासाठी भारतीय मानक आहे, आय.एस. ६२४८. शटर किती मोठे झाले की नुसत्या स्प्रिंगवर न ठेवता त्याला गिअर लावायचा, हेही त्यात ठरवून दिले आहे. गल्लीतले दुकान मात्र मानक विचारत नाही, भाव विचारते.

या कामात इजा कशी होते, हे कोणत्याही जुन्या फिटरला विचारा. स्प्रिंग सोडताना पाना निसटला तर पाइप गरकन फिरतो आणि पाना मनगटावर किंवा तोंडावर बसतो. शिडी फरशीवर सरकते. लांब पाइप उभा करताना वरच्या विजेच्या तारेला लागतो. हे झाले कामगाराचे. दुसरे, वेल्डिंगची ठिणगी दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यावर पडते. ड्रिल भिंतीतल्या वायरीत शिरते. अर्धवट बसवलेले शटर खालून जाणाऱ्या गिऱ्हाइकावर येते. हे झाले परक्याचे. तिसरे, काम संपवून पैसे घेऊन सहा महिने झाले, आणि एके दिवशी ब्रॅकेटचे बोल्ट भिंतीतून निघून सगळे धूड खाली येते. आणि चौथे, रात्री टेम्पोतून वेल्डिंग मशीन चोरीला जाते. आपला ठेकेदार या चार गोष्टींना ‘नुकसान’ असे एकच नाव देतो. विमा कंपनीच्या लेखी त्या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि चारही एका कागदात बसतीलच असे नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो.

‘सर, पॉलिसी आहे ना आपली,’ असे ठेकेदार छातीवर हात ठेवून सांगतो, तेव्हा मी विचारतो, ‘दादा, कशाची?’ बहुतेक वेळा उत्तर येते, ‘डब्ल्यूसी.’

हे डब्ल्यूसी म्हणजे ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन’. कामगाराला कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा आपल्याकडे १९२३ सालापासून आहे. पुढे त्याच्या नावात ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला. पण वाळूजच्या गेटवर आजही ‘डब्ल्यूसी आहे का?’ असेच विचारतात. नाव काहीही असो, त्यातले तत्त्व बदललेले नाही. माणूस तुमच्या कामावर होता, कामामुळे त्याला इजा झाली, की भरपाई तुम्ही द्यायची. चूक कोणाची, हा प्रश्न इथे मागे पडतो. ‘मी त्याला सांगितले होते, शिडी धरायला कोणाला तरी बोलाव,’ हे म्हणणे उपयोगी पडत नाही. कामगार दारू प्यायलेला होता, किंवा त्याने सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकले, असे असेल तर मालकाला थोडा बचाव आहे. पण मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर तोही बचाव उरत नाही.

आणि मालक म्हणजे कोण? शटरवाल्याला वाटते, मालक म्हणजे कारखानदार, आपण तर हातावर पोट असलेले. कायद्याच्या नजरेत ज्याने मुलाला मजुरीवर ठेवले तो मालक. दुकानांचा कॉम्प्लेक्स बांधणारा बिल्डर शटरचे काम ठेकेदाराला देतो, तेव्हा जखमी फिटर थेट बिल्डरकडेही भरपाई मागू शकतो; पण बिल्डरने दिलेली रक्कम तो पुन्हा ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. फिरून ओझे त्याच डोक्यावर.

ओझे किती, ते आकड्यात पाहू. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ६० टक्के घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या एका आकड्याने गुणायचे. माणूस जितका तरुण तितका हा आकडा मोठा, कारण कमावण्याची वर्षे जास्त गेली. वय ३० असेल तर आकडा २०७.९८. जुन्या कायद्याखाली जानेवारी २०२० मध्ये हिशेबासाठी पगाराची मर्यादा १५ हजार रुपये झाली. ती धरली तर तीस वर्षांच्या फिटरच्या मृत्यूची भरपाई १५ लाख ५९ हजार ८५० रुपये, आणि तो कायमचा पूर्ण अपंग झाला तर १८ लाख ७१ हजार ८२० रुपये. मी हे गुणाकार ओट्यावर बसून कागदावर करून दाखवतो, तेव्हा समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवतो. शिवाय दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. देय झालेली रक्कम महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी सहसा भरत नाही, तो ज्याने उशीर केला त्याचाच.

‘कायमचे पूर्ण अपंगत्व’ हे शब्द ऐकले की आपल्याला अंथरुणाला खिळलेला माणूस दिसतो. न्यायालयाने त्याचा अर्थ वेगळा लावला आहे. १९६८ साली एका सिनेमागृहात सजावटीचे काम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. उजवा हात शाबूत होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये हे पूर्ण अपंगत्व मानले. सुतारकी एका हाताने होत नाही, म्हणून सुतार म्हणून त्याची कमाई शंभर टक्के गेली. भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हेही त्याच निकालाने पक्के केले. शटर फिटरचे मनगट कायमचे अडकले तर हा निकाल त्यालाही जवळचा आहे. अपंगत्व शरीराचे किती, यापेक्षा त्या माणसाच्या धंद्याचे किती, असा तो हिशेब आहे.

आता पॉलिसीकडे येऊ. डब्ल्यूसी पॉलिसी ही ठेकेदाराची वर सांगितलेली जबाबदारी विमा कंपनीने आपल्या अंगावर घेण्यासाठी असते. हप्ता ठरतो तो दोन गोष्टींवर, कामाचा प्रकार आणि माणसांना वर्षभरात दिला जाणारा एकूण पगार. म्हणून कंपनी विचारते, माणसे किती, काम कोणते, पगार किती, काम कुठे. या चार प्रश्नांची उत्तरे म्हणजेच पॉलिसी. छापील पाने सगळ्यांची सारखी असतात.

आमच्या भागात ही उत्तरे कशी दिली जातात ते सांगतो. मोठा कारखाना ठेकेदाराला आत सोडण्याआधी पॉलिसी मागतो, त्याशिवाय गेटपास मिळत नाही. चांगली पद्धत आहे. पण तिचा एक उलटा परिणाम होतो. ठेकेदाराच्या मनात पॉलिसी म्हणजे गेटपासचे तिकीट होऊन बसते. तिकीट स्वस्तात स्वस्त काढायचे असते. मग सहा माणसे असली तर चार दाखवायची, पगार कमीत कमी लिहायचा, मुदत तीन महिने आणि कामाचे ठिकाण म्हणून त्या एका कारखान्याचा पत्ता.

आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका शटरवाल्याची अशीच पॉलिसी होती. नाव घेत नाही, सज्जन माणूस आहे. कारखान्याचे काम चालू होते, पॉलिसी चालू होती. शनिवारी संध्याकाळी रांजणगावच्या एका दुकानदाराचा फोन आला, स्प्रिंग तुटली आहे, शटर अर्ध्यात अडकले आहे, दुकान उघडे टाकून झोपू का? त्याने एक जुना फिटर आणि गावाकडून नुकताच आलेला एक मुलगा, असे दोघे पाठवले. मुलगा एकोणीस वर्षांचा. पाइप फिरला, मुलगा शिडीसकट खाली आला. मनगट आणि खुबा. दवाखान्यात नेताना ठेकेदाराने पहिला फोन एजंटला केला आणि दुसरा मला. दोन्हीकडून त्याला एकच उत्तर मिळाले. पत्ता कारखान्याचा होता, मुलगा मोजणीत नव्हता. पॉलिसी खोटी नव्हती, मुदत संपली नव्हती, हप्ता थकला नव्हता. ती फक्त त्या शनिवारची नव्हती. शेवटी टेम्पो विकला गेला. ठेकेदार आता दुसऱ्याच्या टेम्पोला भाडे देऊन शटर नेतो. मुलगा गावी परत गेला. खुबा भरला, पण त्याचा उजवा तळहात अजून पूर्ण उताणा होत नाही. ओंजळ करता येत नाही त्याला.

त्या मुलाला यादीत घेतले असते तर हप्ता किती वाढला असता? मी हा प्रश्न एजंटला विचारला होता. त्याने सांगितलेली रक्कम त्या ठेकेदाराच्या आठवड्याच्या चहापाण्याएवढी होती.

म्हणून मी आता येणाऱ्या प्रत्येकाला चार गोष्टी विचारायला लावतो. पॉलिसी एका पत्त्याची आहे की महाराष्ट्रात कुठेही केलेल्या कामाची? त्यात ‘उंचीवरचे काम’ आणि ‘वेल्डिंग’ हे शब्द कामाच्या वर्णनात आहेत का, की नुसते ‘फॅब्रिकेशन’ लिहिले आहे? दवाखान्याच्या खर्चाची जोड घेतली आहे का? कारण ती बहुधा मूळ पॉलिसीत नसते, वेगळी मागावी लागते, आणि कायदा तर तो खर्च मालकावरच टाकतो. आणि गर्दीच्या दिवसांत आपण दुसऱ्या टोळीला काम देतो, त्या टोळीची माणसे धरली आहेत का? काही पॉलिसींत नावांची यादी असते, काहींत नुसती संख्या आणि पगार. ज्याच्याकडे माणसे सारखी बदलतात त्याला दुसरा प्रकार सोयीचा. मध्येच माणूस वाढला तर कंपनीला कळवून, जादा हप्ता भरून त्याला आत घेता येते. ते कळवणे व्हॉट्सॲपवर एजंटला ‘एक पोरगा वाढला’ असे लिहून होत नाही. कंपनीचा शिक्का असलेले जोडपत्र हातात यायला हवे.

दहा किंवा त्याहून जास्त माणसे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे ईएसआय लागू होते आणि ज्या कामगाराचा विमा ईएसआयमध्ये आहे त्याची अपघाताची भरपाई तिथून मिळते. आपला शटरवाला त्या संख्येपर्यंत क्वचितच जातो.

आता परक्याच्या नुकसानाकडे वळू. डब्ल्यूसी इथे काहीच करत नाही, ती फक्त आपल्या माणसांसाठी. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर शटर पडले, दुकान जळले, तर त्यासाठी ‘पब्लिक लायबिलिटी’ म्हणजे त्रयस्थांच्या नुकसानाची पॉलिसी लागते. नावाचा एक गोंधळ इथे दूर करतो. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९९१ साली पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा झाला. तो घातक रसायने हाताळणाऱ्यांना सक्तीचा आहे. शटरवाल्याचा त्याच्याशी संबंध नाही. त्याने घ्यायची ती याच नावाची ऐच्छिक पॉलिसी. मोठे काम असेल, म्हणजे एखाद्या शेडला मोटरवर चालणारी सात-आठ शटरे बसवायची असतील, तर त्या एका कामापुरती उभारणीची पॉलिसी मिळते. तिच्यात बसवायचा माल आणि त्रयस्थांचे नुकसान दोन्ही घेता येतात.

‘पण दुकानदाराचा विमा असतोच की! आग लागली तर त्याची कंपनी देईल,’ असे मला अनेकांनी सांगितले आहे. देईल, बरोबर आहे. दुकानदाराला त्याची कंपनी पैसे देईल, आणि त्या क्षणापासून दुकानदाराचा तुमच्यावरचा हक्क त्या कंपनीचा होईल. दुकानदार शेजारचा होता, चहा प्यायला बोलावत होता, त्याने कदाचित सोडून दिले असते. कंपनी चहा पाजत नाही. ती दुकानदाराच्या जागी उभी राहून वेल्डिंगवाल्यावर वसुलीचा दावा करू शकते. विम्यातली ही गोष्ट आपल्या लोकांना सर्वांत उशिरा कळते, आणि कळते तेव्हा नोटीस हातात असते.

या पॉलिसीला एक मोठे भोक आहे, तेही माहीत असू द्या. ज्या वस्तूवर तुम्ही काम करत होता, तिचे स्वतःचे नुकसान साधारणपणे त्यात धरत नाहीत. दुरुस्तीला घेतलेले शटर तुमच्या हातून वाकले तर ते तुमच्या खिशातून. शटर पडून खालची काउंटरची काच फुटली, तर ती पॉलिसीतून.

काम झाल्यावर सहा महिन्यांनी कोसळलेल्या शटरचे काय? काम चालू असतानाची पॉलिसी बहुधा काम सोपवले की थांबते. पुढची जबाबदारी वेगळी मागून घ्यावी लागते, मालाच्या दोषाची किंवा पूर्ण झालेल्या कामाची म्हणून. पूर्वी याकडे कोणी बघत नसे. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० मध्ये अमलात आला, आणि सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी बनवणारा, विकणारा आणि सेवा देणारा यांच्यावर त्यात स्पष्टपणे टाकली आहे. शटरवाला या तिन्ही जागी एकटाच असतो. पट्ट्या बाजारातून आणतो, शटर स्वतः जुळवतो, विकतो आणि बसवतो. मोटरच्या शटरांत तर ही जबाबदारी जास्तच. अमेरिकेत घरोघरच्या विजेवर चालणाऱ्या दरवाजांखाली मुले सापडून मरत होती, म्हणून तिथे १९९० साली कायदा झाला आणि १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना, वाटेत काही आडवे आले की दरवाजा उलटा फिरवण्याची सोय सक्तीची झाली. आपल्याकडे मोटरचे शटर बसवताना गिऱ्हाईक विचारते, सेन्सर काढला तर किती कमी होतील? माझा सल्ला असा की कमी करू नयेत. गिऱ्हाईक ऐकतच नसेल तर ते काम सोडावे. आणि प्रत्येक कामाचा फोटो, बोल्टची जाडी, भिंत विटेची की काँक्रीटची, हे डायरीत लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी हीच डायरी साक्ष देते.

चोरीचे थोडक्यात सांगतो, कारण ते सोपे आहे. हत्यारांचा विमा मिळतो, पण टेम्पोत रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या मशीनचा दावा टिकणे कठीण. पावती जपून ठेवा आणि मशीन घरात घ्या. टेम्पोचा विमा हा टेम्पोचाच. शिडीवरून पडण्याशी त्याचे देणेघेणे नाही.

जाता जाता शब्दाविषयी एक गोष्ट, कवी असल्याचा हा एवढा फायदा घेतो. ‘विमा’ हा शब्द आपल्याकडे फार्सीतून आला. फार्सीत ‘बीम’ म्हणजे भीती. त्याच्याही आधी आपल्याकडच्या सावकारांत ‘जोखमी हुंडी’ चालत असे. गलबतावर माल चढवला की त्यावर हुंडी काढायची. माल बंदराला सुखरूप पोचला तरच तिचे पैसे मिळत, गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. म्हणजे जोखीम दुसऱ्याच्या अंगावर देण्याची रीत आपल्याला इंग्रजांनी शिकवलेली नाही. व्यापारी मालाची जोखीम मोजायला आपण फार पूर्वी शिकलो. माल चढवणाऱ्या हमालाची मोजायला १९२३ साल उजाडले.

आता स्वस्त आधारांविषयी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तेव्हा वर्षाला १२ रुपये होते, जून २०२२ पासून २० रुपये झाले. १८ ते ७० वर्षांच्या, बँकेत खाते असलेल्या कोणालाही ती घेता येते. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, अंशतः अपंगत्वाला एक लाख. प्रत्येक फिटरच्या खात्यातून हे २० रुपये जायलाच हवेत. पण ठेकेदाराने हे ध्यानात ठेवावे की हे पैसे कामगाराच्या स्वतःच्या विम्याचे आहेत. १५ लाखांच्या जबाबदारीतून ते वजा होत नाहीत. दुसरा आधार महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा. लोखंडी जाळ्या, खिडक्या, दरवाजे बसवणारेही बांधकाम कामगारांत येतात. वर्षातले ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि इथे अडते ते ठेकेदारापाशी. दाखला दिला तर हा माझा कामगार, हे लेखी कबूल होते, म्हणून तो द्यायला कचरतो. मी त्यांना सांगतो, भाऊ, तो तुमचा कामगार आहे हे सिद्ध करायला जुना फिटर, दुकानदार आणि मोबाइलवरचे पैशाचे निरोप पुरेसे आहेत. दाखला न दिल्याने तुमची जबाबदारी टळत नाही. पोराच्या शाळेतल्या मुलीची शिष्यवृत्ती तेवढी टळते.

विमा कंपनीने दावा नाकारला आणि तो अन्याय वाटला तर पुण्याला विमा लोकपालाचे कार्यालय आहे. एकट्याच्या मालकीच्या धंद्यालाही आणि सूक्ष्म उद्योगालाही तिथे दाद मागता येते. फी नाही, वकील लागत नाही. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचे उत्तर घ्यावे लागते, किंवा ती महिनाभर गप्प राहिली हे दाखवावे लागते. कामगाराची मालकाविरुद्धची भरपाईची मागणी इथे चालत नाही, त्याचा रस्ता वेगळा आहे.

शेवटी अपघात झालाच तर पहिल्या दिवशी काय करायचे ते सांगतो, कारण पॉलिसी बरोबर असूनही तिथे हातची जाते. माणसाला दवाखान्यात न्या. शिडी, पाना, तुटलेली स्प्रिंग जागची हलवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, एजंटला तोंडी नव्हे. त्या महिन्याचे पगारपत्रक काढून ठेवा, त्यावर त्या माणसाची सही असलेले. आणि दवाखान्याच्या केस पेपरवर काय लिहिले जाते, तिकडे स्वतः उभे राहून लक्ष द्या. आपल्याकडे पोलिसांची कटकट नको म्हणून सोबत आलेला माणूस खिडकीवर सांगून टाकतो, ‘घरी पडला.’ लिहिणारा तसे लिहितो. त्या दोन शब्दांनी अपघात कामावरचा राहत नाही, आणि मग मालकाची पॉलिसीही गेली आणि मुलाचा हक्कही. तिथे लिहून घ्यायचे ते असे: अमुक ठिकाणी, अमुक वाजता, शटर दुरुस्तीचे काम करताना शिडीवरून पडला. खाली सांगणाऱ्याचे नाव आणि सही.